धाकू तांडेलाचा खोडा

नव्याच्या पौर्णिमेला आमच्याकडे घरातल्या, शेतातल्या सगळ्या वस्तूंना नवं बांधतात. नव्या भाताच्या दोन-चार लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं फूल, एखादं गोंड्याचं फूल, अशी जुडी करायची आणि ती दाराला, तुळशीला, जात्याला, नांगराला, रहाटाला बांधायची. होडीवाले होडीला बांधतात. मीही लहानपणापासून बांधत आलो. गेली बारा-तेरा वर्षं मात्र बांधत नाही. जुड्या करून देतो आणि बाजूला होतो. बायकोला वाटतं, मास्तरकी करून करून देवधर्म सुटला. तसं नाही. माझ्या हातची एक जुडी मला विसरता येत नाही, आणि ती ज्याच्या खोड्याला बांधली तो धाकू तांडेलही.

तोही आता राहिला नाही. गेल्या वर्षी हेदवीकडच्या एका खलाशाने मला ते सांगितलं. सांगितलं तेही सहज, तंबाखू मळता मळता. ज्या माणसाजवळ एक गोष्ट बोलायची होती तो गेला, म्हणजे ती आता कायमची माझ्याकडेच राहिली, हे मला तेव्हा कळलं. म्हणून हे लिहितो आहे.

पावसच्या अलीकडे, खाडीला लागून आमची वाडी. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो, आणि घरी आई, बायको आणि चार गुरं. धाकू जर्मनीच्या लढाईनंतर आगबोटीवरची तांडेलाची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, नोकरी सोडून वाडीत येऊन राहिला. बुटका, खांद्यांनी रुंद, पाय फाकून चालणारा. जमीन हलत नाही यावर त्याचा अजून विश्वास बसला नव्हता असं त्याच्या चालीवरून वाटे. कमरेला दोरीने बांधलेला एक छोटा सुरा. चहा कोरा. समोरचा एक दात अर्धा तुटलेला. माणसांशी बोलताना तो बोटीवरच्यासारखा ओरडून बोलायचा आणि वासरांशी बोलताना इतकं हळू, की शेजारी उभ्या असलेल्याला ऐकू येऊ नये.

गंमत म्हणजे त्याच्या दारात एक शेळीसुद्धा नव्हती. गावकार त्याला यावरून टोमणा मारत. गावकार म्हणजे आमच्या वाडीचे मानकरी, देवळातला पहिला नारळ त्यांचा. ते म्हणायचे, "धाकू, तुज्या गोठ्यात उंदीर तरी हाय काय? मग गुरांची उठाठेव कशाला?"

"उंदराला वेसण घालायची झाली तर मला बोलवा," धाकू म्हणे. "तुमच्या घरात मोठे हायत."

त्याची एक खोड मला पहिल्यापासून चमत्कारिक वाटायची. कुठेही दोर दिसला की तो उचलायचा, आधी हुंगायचा, मग आपल्या गालावरून खालीवर घासून बघायचा. काथ्याचा राठ दोर असला की गाल लाल व्हायचा. मग दोराच्या मालकाकडे बघून म्हणायचा, "माज्या गालाला लागला. माजा गाल म्हणजे काय रेशीम नाय. वासराच्या नाकाला कसा लागत असेल?" मालक हसायचा. धाकू हसायचा नाही.

वाडीला त्याची खरी ओळख झाली ती गणूच्या हातामुळे.

आमच्याकडे तेव्हा खोंडाला खच्ची करायची रीत जुनी होती. खळ्यात त्याला दोर टाकून पाडायचा, चार-पाच जणांनी अंगावर बसायचं, आणि जाणत्या माणसाने लाकूड आणि दगड घेऊन त्याची शीर ठेचायची. वेसण घालायची तीही तशीच पाडून. मी लहानपणापासून ते बघत आलो होतो, त्यामुळे त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला वाटत नव्हतं. त्या दिवशी आमचा शेजारी गणू दोराचं टोक धरून होता आणि पकड सुटू नये म्हणून त्याने ते मनगटाला गुंडाळलं होतं. खोंड एकाएकी उसळलं. अंगावरची माणसं बाजूला पडली आणि खोंड गणूला ओढत खळ्याबाहेर, जांभ्याच्या उघड्या कातळावरून पळत सुटलं. आम्ही सगळे ओरडत होतो. एकटा ओरडला नाही तो धाकू. किनाऱ्याकडून येत होता, तो आडवा धावला, खोंडाच्या आणि गणूच्या मधे शिरला आणि सुऱ्याने दोर कापला.

गणूच्या मनगटाचं हाड दिसत होतं. पांढरं.

गावकार धापा टाकत आले. त्यांनी आधी दोर उचलला. "नवा दोर कापलास रे."

"दोर बाजारात मिळतो," धाकू म्हणाला. "गणूचा हात रत्नागिरीच्या बाजारात मिळतो काय, ता बगून या. मग मी दोराची भरपाई करतो."

त्यानंतर त्याने कोणाला न विचारता आपल्या परसात खोडा उभा केला. किंजळीचे चार खांब, दोन्ही बाजूंना आडव्या फळ्या, आत वासरू उभं राहील एवढीच जागा. फळ्यांना आतून जुन्या शिडाच्या कापडाच्या गाद्या शिवून लावलेल्या, वासराने अंग टाकलं तरी खरचटू नये म्हणून. पोटाखालून घ्यायला शिडाचाच हातभर रुंद पट्टा. पुढे मानेसाठी दोन उभे दांडे, त्यातला एक पक्का आणि एक सरकता. वासराने मान घातली की सरकता दांडा जवळ आणायचा आणि त्याचं टोक खांबात बसवलेल्या खैराच्या खुंटीत अडकवायचं. साऱ्या खोड्याचा जीव त्या खुंटीत होता. तिला हातभर दोरी लावलेली होती. वासरू घाबरलं, गुडघ्यावर बसलं, मान अडकली, काहीही झालं, की दोरीला एक झटका द्यायचा. खुंटी निघायची, दांडा बाजूला पडायचा आणि वासरू मोकळं व्हायचं. तो दर आठवड्याला त्या खुंटीला उंडीच्या बियांचं तेल पाजायचा.

"ह्या खुंटीला कायच बांधायचा नाय," असं तो येणाऱ्या प्रत्येकाला बजावायचा. "पंचा नाय, टोपी नाय, गवताची काडी नाय. हिला मोकळी ठेवायची."

आणि त्याचा एक कायदा होता. वासरू खोड्यात घालायच्या आधी, दर वेळी, मालकाने स्वतःची मान दांड्यात घालायची. धाकू दांडा लावणार, खुंटी ओढणार, मालक सुटणार. मगच वासरू. "आधी मालक," तो म्हणायचा. गावकारांनी पहिल्यांदा आपली पाडी वेसणीला आणली तेव्हा ते या गोष्टीवर संतापले. पण वाकड्या हाताचा गणू समोरच उभा होता. ते वाकले, मान घातली. धाकूने दांडा लावला. तेवढ्यात मागून गावकारांच्या मंडळी म्हणाल्या, "धाकूभावजी, खुंटी ऱ्हावू दे तशीच. लग्न झाल्यापासून ह्यांची मान वाकलेली आजच बगतेय." वाडी कितीतरी दिवस हसत होती.

मीही माझी मान त्यात घातली आहे. दांडा लागला की गळ्याजवळ लाकडाचा थंड स्पर्श होतो आणि आपण कितीही शहाणे असलो तरी हात आपोआप दांड्याकडे जातो. मग खुंटी निघाल्याचा टक् असा आवाज, आणि श्वास. त्या खुंटीचं मोल मला ऐकून ठाऊक नव्हतं, मानेला ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे केलं ते अजाणतेपणाने केलं असं म्हणायची मला सोय नाही.

एका संध्याकाळी खाडीच्या कडेला बसलो असताना मी त्याला विचारलं की हे सगळं त्याला कुठून सुचलं.

"लढाईत आमची बोट बसऱ्याला खेचरा नि बैल घेऊन जायची," तो म्हणाला. त्या दिवशी तो माझ्याशीही हळू बोलत होता. "खाली जनावरांचे कप्पे. दर्या खवळलेला. एक बैल बसला, तो उठेना. माजा मेव्हणा आत शिरला त्याला उठवायला. दार दोरानं बांधलेला, बाहेर मी. बोट कलली. सगळी जनावरा त्याच्या अंगावर. तो हाक मारत होता. नि दोर भिजून दगड झालेला. गाठ माजीच होती, मास्तर. मीच बांधलेली, चांगली घट्ट. हातानं सुटेना, तवा दातानं सोडवली."

त्याने ओठ वर करून तो अर्धा दात मला दाखवला.

"सुटली?" मी विचारलं.

"सुटली. पण तवा आत हाक बंद झालेली."

थोड्या वेळाने तो उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "त्याची बायको, माजी बहीण, हेदवीला असते. गाठ कोणाची होती, ता तिनं कधी विचारला नाय. मी पण सांगितला नाय."

पुढच्या वर्षी रत्नागिरीचे गुरांचे डॉक्टर वाडीत यायला तयार झाले. त्यांच्याकडे एक लोखंडी चिमटा होता. कातडी न कापता, रक्त न काढता, बाहेरूनच शीर दाबून खोंडाला खच्ची करायचा. दगडाने ठेचण्याचं कारणच उरणार नव्हतं. पण जनावर पक्कं उभं करून ठेवणारा खोडा असेल तरच येतो, असा त्यांचा निरोप होता. अर्ज मी लिहिला होता. खोड्याचं चित्रही मीच काढून पाठवलं होतं. पहिलं खोंड आमच्या घरचं, आईचा चांद्या, असंही मीच पुढे होऊन ठरवलं. गावकार म्हणाले, "बगू या. चांगला झाला तर गावचा एक खोडा देवळाजवळ घालू. नायतर आपली खळी हायत." सगळी वाडी त्या एका सकाळवरून निर्णय घेणार होती, आणि धाकूला ते माहीत होतं.

डॉक्टर यायचे होते ते नव्याच्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. धाकू त्यांना आणायला आदल्या दिवशीच रत्नागिरीला गेला होता. पौर्णिमेला सगळीकडे नवं बांधून झाल्यावर माझ्या हातात एक जुडी उरली. आई म्हणाली, "तांडेलाच्या खोड्याला बांधून ये. त्याच्या घरात बांधणारा कोण हाय?" आमच्याकडे नवं बांधतात ते जिथे हात रोज लागतो तिथे. नांगराच्या मुठीला, दाराच्या कडीला. मी खोड्यापाशी उभा राहिलो. हात लागतो ती जागा एकच होती.

धाकूचे शब्द मला आठवले नाहीत असं नाही. आठवले. पण ते पंचाटोपीबद्दल होते, देवाच्या गोष्टीबद्दल नव्हेत, अशी मी मनाची समजूत घातली. शिवाय उद्या डॉक्टर येणार, खोडा सजलेला दिसावा, अशीही हौस होती. जुडी एरवी केळीच्या सोपटाने बांधतात. ते जरा ओढलं की तुटतं. माझ्याकडचं सोपट वाळलेलं होतं, जुडी दोनदा खाली पडली. नवं जमिनीवर पडू देत नाहीत. म्हणून मी काथ्याची सुतळी घेतली आणि खुंटी व खांब मिळून तीन वेढे देऊन घट्ट गाठ मारली. वर गोंड्याची फुलं अशी लावली की सुतळी दिसू नये. छान दिसत होतं.

रात्रभर दव पडलं.

सकाळी वाडी जमली. डॉक्टर साहेबी टोपी घालून आले, सारखं घड्याळ बघत होते. त्यांना पुढे पूर्णगडला जायचं होतं. धाकूने चांद्याला कानात काहीतरी सांगत सांगत खोड्याजवळ आणलं. नवं बघून तो थबकला. जुडीला हात लावून नमस्कार केला; नवं सोपटाचंच असतं, ओढलं की तुटतं, असं त्याने धरलं असावं. मग माझ्याकडे वळून म्हणाला,

"मास्तर, मान घाला."

मी धुतलेला कोट घातला होता. समोर डॉक्टर, गावकार, माझ्या शाळेतल्या मुलांचे आईबाप. त्या सगळ्यांपुढे वाकून दांड्यात मान घालायची मला लाज वाटली. एवढंच कारण. दुसरं मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

"सकाळीच घालून बघितली मी, तांडेल," मी म्हणालो. "सगळं ठीक आहे."

"खुंटी?"

"खुंटीपण."

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "मास्तर बोलले, म्हणजे झाला," तो म्हणाला आणि त्याने चांद्याला आत घेतलं.

दांडा लागला. पट्टा पोटाखालून गेला. डॉक्टर चिमटा घेऊन मागे गेले आणि तो उघडताना लोखंडाचा आवाज झाला. चांद्या दचकला, पुढे झेपावला, त्याचे पुढचे पाय घसरले आणि तो गुडघ्यावर आला. मान दांड्यात टांगली गेली. धाकूने शांतपणे दोरीला झटका दिला.

खुंटी निघाली नाही.

त्याने दुसरा झटका दिला. मग त्याने खुंटीकडे पाहिलं. तो चेहरा मी सांगू शकत नाही. राग नव्हता त्यात. ज्या दाराशी तो कधीकाळी उभा होता, त्याच दाराशी पुन्हा येऊन उभा राहिल्यासारखा तो चेहरा होता. मी त्याच्यापासून तीन हातांवर होतो. सुतळी आहे, कापा, असं ओरडायला हवं होतं. माझं तोंड उघडलं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता.

त्याने उजवा हात दांडा आणि खांब यांच्या फटीत घातला, दांडा रेटून धरला, आणि डाव्या हाताने कमरेचा सुरा काढून जुडीखाली खुपसला. त्याच वेळी चांद्याने शेवटचा हिसका दिला. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला, पण मधे हात होता. सुतळी कापली गेली, खुंटी निघाली, दांडा पडला. चांद्या आडवा झाला तो उठला नाही.

मग धाकू खाली वाकला. त्याच्या उजव्या हाताकडे मी बघू शकत नव्हतो. डाव्या हाताने त्याने ती जुडी उचलली, तिच्याबरोबर सुतळीचे तुकडे उचलले, सगळे, एकूण एक, आणि कमरेला खोचले.

गावकार पुढे आले. "काय झाला धाकू? कशी नाय निघाली?"

"पावसानं लाकूड फुगला," धाकू म्हणाला. "माजी चूक. तेल कमी पडला."

तेल कमी पडलं नव्हतं. ते त्याला माहीत होतं आणि मला.

त्याला होडीने रत्नागिरीच्या इस्पितळात नेलं. तीन बोटं काढावी लागली. इकडे देवळात कौल लावला, की गावाने खोडा ठेवावा का. देवाला लावलेल्या कळ्यांतली पडली ती नकाराच्या बाजूची. मी तिथेच खांबाला टेकून उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर कौल लावायचीही गरज नव्हती. मी बोललो नाही. धाकू परत आला तेव्हा वाडी त्याच्याशी वाईट वागली नाही, फक्त त्याचं ऐकेनाशी झाली. तो दोर गालाला लावायचा आणि लोक दुसरीकडे बघायचे. महिन्याभराने तो बहिणीकडे हेदवीला निघून गेला. जाताना मला भेटायला शाळेत आला, दारातूनच डावा हात वर केला. "येतो, मास्तर." मी म्हणालो, "या."

त्या हंगामात खळ्यात पुन्हा दोर टाकून खोंडं पाडली. शाळेत आवाज यायचा. मी मुलांना पाढे मोठ्याने म्हणायला लावत असे.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी मी हेदवीला गेलो. लोकांना सांगितलं गणपतीच्या दर्शनाला जातो. दर्शनही घेतलं. मग विचारत विचारत त्याच्या बहिणीच्या घरी गेलो. तिने पाणी आणून दिलं, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि आतल्या बाजूला बघत विचारलं, "हेच काय रे ते पावसकडले मास्तर?"

"हेच," आतून आवाज आला. तोच, ओरडून बोलणारा.

तिला मी कोण ते माहीत होतं. म्हणजे ती सुतळी कोणी बांधली ते त्याला माहीत होतं. तेव्हापासून, पहिल्या क्षणापासून.

धाकू बाहेर आला. पिकला होता, पण चाल तीच. काही न विचारता मला परसात घेऊन गेला. तिथे खोडा होता. किंजळीचे खांब, शिडाच्या गाद्या, खैराची खुंटी तेलाने चकाकणारी. दोन माणसं आपापली वासरं घेऊन थांबली होती. आणि त्या खुंटीच्या वर, वीतभर अंतरावर, खांबाला आणखी एक खुंटी ठोकलेली होती. तिला दोरी नव्हती, भोक नव्हतं, तिच्यावर काही पेललेलं नव्हतं. तिच्यावर गेल्या पौर्णिमेची वाळलेली जुडी होती.

"ही कसली?" मी विचारलं.

"ही कामाची नाय. ही नव्याची," तो म्हणाला. "माणूस नवा बांधणार. बांधू नको बोलून तो ऱ्हात नाय, नि ऱ्हावू पण नये. मग त्याला जागा नको द्यायला? पहिल्या खोड्याला मी ती दिली नव्हती."

मी म्हणालो, "तांडेल, त्या दिवशी मी..."

त्याने दोन बोटांचा हात वर करून मला थांबवलं.

"मान घाला, मास्तर."

वासरांचे मालक बघत होते. मी टोपी काढून हातात घेतली, वाकलो आणि मान घातली. दांडा सरकत आला. गळ्याला लाकूड लागलं, तसंच थंड. मला समोरची जांभ्याची जमीन आणि त्याचे फाकलेले पाय एवढंच दिसत होतं. तो खुंटी ओढेना. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. मी सोडा म्हणालो नाही. मला सुटायचंही नव्हतं.

मग टक् असा आवाज झाला आणि दांडा पडला.

मी मान वर केली तोवर तो माझ्याकडे पाठ करून पहिल्या वासराजवळ गेला होता. वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होता, नेहमीसारखं हळू. मला ऐकू आलं नाही.